दर्यावरचा रेडिओ चालवायचाय? आधी मीठ पुसायला शिका

ट्रॉलरवर ट्रान्समीटर चढवायचा, बारा सागरी मैलांपलीकडे नांगर टाकायचा आणि दिवसभर गाणी लावायची, असा कुणाचा बेत असेल तर त्याने तो इथेच सोडावा. आपल्याकडे विनापरवाना ट्रान्समीटर नुसता जवळ बाळगणंही १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुने कायदे बाजूला सारले, पण परवान्याची अट काही सुटली नाही. ‘भर समुद्रात कुणाचा कायदा?’ असं विचारणाऱ्यांसाठी १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यात १०९ वं कलम आहे. ज्या देशात तुमचं प्रक्षेपण ऐकू येतं, तो देशही तुम्हाला धरू शकतो. पळवाट नाही.

तरीही युरोपच्या किनाऱ्यांसमोर जहाजांवरून विनापरवाना रेडिओ केंद्रं चालायची, त्या चोरट्या जहाजांवरच्या साउंड इंजिनिअरचं काम कोकणातल्या पोरांनी शिकावं असं मला वाटतं. ते ज्या कटकटींशी झगडले, त्या सगळ्या आपल्या किनाऱ्यावर रोजच्या आहेत. खारं वारं, जनरेटर, विजांचा कडकडाट, हलणारी बोट, आणि काही बिघडलं तर दुकान दोन तालुके लांब.

मी मालवण तालुक्यातला. व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. पाचशे किलोहर्ट्झवर मोर्स ऐकण्यात तरुणपण गेलं. १९९९ च्या फेब्रुवारीत जीएमडीएसएस, म्हणजे मोर्सशिवाय चालणारी जहाजांची संकटसंदेश व्यवस्था, पूर्णपणे लागू झालं आणि आमची जमातच संपली. तेव्हापासून दशावताराला साउंड लावतो आणि बंदरातल्या बोटींचे वायरलेस, चार्जर, इन्व्हर्टर दुरुस्त करतो. ऐंशीच्या दशकात रॉटरडॅमकडे जाताना थेम्सच्या मुखाबाहेर आमच्या रिसीव्हरवर लेझर ५५८ हे जहाजावरचं केंद्र लागायचं. जहाज दिसायचं नाही, पण निवेदक शेजारच्या केबिनमध्ये बसल्यासारखा ऐकू यायचा. भूमध्य समुद्रात १५४० वर व्हॉइस ऑफ पीस, तेही जहाजावरचंच. ते चालवणारा एबी नेथन मुंबईत वाढलेला, हे कळल्यावर आमच्या रत्नागिरीच्या फिटरला उगाचच अभिमान वाटला होता. मला कुतूहल असायचं ते मायकासमोरच्या माणसाचं नाही. लाटांत, धडधडीत, खाऱ्या वाऱ्यात हा आवाज इतका साफ ठेवतंय कोण?

माझ्याकडे येणारी पोरं पहिला प्रश्न विचारतात, “काका, मिक्सर खयचो घेव?” मिक्सर सगळ्यात शेवटी. समुद्रावरच्या रेडिओत कामाची उतरंड आहे ती अशी: वीज, मीठ, दोर, आणि मग उरलेल्या वेळात आवाज. मीही त्याच क्रमाने सांगतो.

ते लोक कोण होते

१९५८ साली डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या सामुद्रधुनीत एका जहाजावरून रेडिओ मर्कर सुरू झालं. १९६० मध्ये हॉलंडसमोर व्हेरोनिका. १९६४ च्या ईस्टरला इंग्लंडसमोर रेडिओ कॅरोलाइन आणि त्याच वर्षअखेरीस रेडिओ लंडन. बीबीसीवर तेव्हा रेकॉर्ड वाजवायच्या तासांवर बंधन होतं. पोरांना दिवसभर गाणी हवी होती आणि देशाची हद्द तीन मैलांवर संपत होती. त्या रेषेबाहेर नांगर टाकला की झालं.

हे आपल्याला फार परकं वाटायला नको. बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं, तेव्हा अख्खा देश सीलोनकडे वळला. अमीन सयानींची गीतमाला मुंबईत रेकॉर्ड व्हायची, टेप कोलंबोला जायची आणि तिथून आपल्यालाच ऐकू यायची. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली ती या धक्क्यानंतरच. इंग्लंडमध्ये तेच झालं: १४ ऑगस्ट १९६७ च्या मध्यरात्री जहाजांना रसद, जाहिराती, माणसं पुरवणं गुन्हा ठरवणारा कायदा लागू झाला आणि ३० सप्टेंबरला बीबीसीने रेडिओ वन काढलं. त्यावर बोलणारे बरेचसे कालचे समुद्रावरचेच.

लपूनछपून चालवलेलं रेडिओ आपल्याकडेही होतं, आणि ते गाण्यांसाठी नव्हतं. १९४२ मध्ये उषा मेहतांचं काँग्रेस रेडिओ मुंबईत जागा बदलत ४२.३४ मीटरवर बोलत होतं, १२ नोव्हेंबरला पोलिसांची धाड पडेपर्यंत. आणि आमच्या अगदी डोक्यावर, आंबोलीच्या जंगलात, २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो गोव्याच्या मुक्तीचं केंद्र चालवत होते, पोर्तुगीज आणि कोकणी दोन्ही भाषांत. पुढे ते कॅसलरॉकला हललं आणि डिसेंबर १९६१ पर्यंत चाललं. आंबोलीचा पाऊस ज्याने पाहिलाय, त्याला तिथे ट्रान्समीटर कोरडा ठेवणं म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. आंबोलीला धबधबा बघायला जाता तेव्हा एकदा तेवढ्यासाठी मान वळवून जंगलाकडे बघा.

वीज

जहाजावर वीज म्हणजे जनरेटर, आणि जनरेटर म्हणजे फेरे. चार पोलच्या ऑल्टरनेटरला पन्नास हर्ट्झ द्यायला मिनिटाला १५०० फेरे लागतात. लोड वाढला, इंजिनाचे फेरे सांभाळणारा गव्हर्नर आळसावला आणि फेरे १४७० वर आले की झाले ४९ हर्ट्झ. बल्बला फरक कळत नाही. पण त्या काळच्या रेकॉर्ड प्लेअरची आणि टेप मशीनची मोटर हर्ट्झच्या तालावर फिरायची. वेग दोन टक्के घसरला की गाणं एक तृतीयांश अर्धस्वर खाली. दशावतारातल्या पेटीवाल्याला हे लगेच कळतं: रेकॉर्ड काळी चारमध्ये आहे म्हणून सांगतात, आणि ती धड काळी चारमध्येही नसते आणि पांढरीतही नसते. अमेरिकेतून आणलेली साठ हर्ट्झची यंत्रं कुणी पन्नासवर लावली तर तेहतीसची रेकॉर्ड अठ्ठावीसपेक्षाही कमी फिरणार. म्हणून त्या जहाजांवरचा इंजिनिअर फ्रिक्वेन्सी मीटरकडे बघत जेवायचा, असं म्हटलं तरी चालेल.

आजच्या लॅपटॉपला हर्ट्झचं सोयरसुतक नाही. त्याला मारतो तो व्होल्टेजचा उसळा. जत्रेत रात्री दोन वाजता मंडपवाला एकदम निम्मे हॅलोजन बंद करतो, जनरेटरवरचा भार उतरतो, आणि गव्हर्नर सावरेपर्यंत व्होल्टेज वर उडी मारतं. तेवढ्यात अॅम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय जातो. त्यामुळे माझे नियम असे. आवाजाला स्वतंत्र जनरेटर मागा. नाही मिळाला तर निदान वेगळी फेज आणि मध्ये स्टॅबिलायझर. सुरू करताना आधी जनरेटर, मग दिवे, मीटर बघा, मग आवाज. बंद करताना उलट: सगळ्यात आधी अॅम्प्लिफायर. दिवेवाल्याशी आधीच गोड बोलून ठेवा. चहा तुम्ही पाजा.

अर्थिंगवर मात्र जरा थांबतो, कारण इथे कोकण आणि समुद्र एकमेकांच्या उलट वागतात. जहाजाचं लोखंडी पोट खाऱ्या पाण्यात बुडालेलं असतं, आणि समुद्राच्या पाण्याइतकी चांगली अर्थ जगात कुठे फुकट मिळत नाही. जमिनीवरच्या मीडियम वेव्ह केंद्राला खांबाभोवती तांब्याच्या शंभर-सव्वाशे तारा पुरायला लागतात, तेव्हा कुठे बरी जमीन मिळते. जहाजाला ती आयती मिळते, आणि लाटाही पाण्यावरून कमी नुकसानीत लांब धावतात. छोट्याशा जहाजाचं केंद्र दोन देशांत ऐकू यायचं त्याचं अर्धं श्रेय समुद्रालाच.

आमच्याकडे जांभा. भोकाभोकांचा, वरून लवकर सुकणारा. एप्रिलमध्ये सड्यावर दांडा ठोकलात तर अर्थ नावाला, स्पीकरमध्ये हम, आणि माइक ओठाला लागला की झिणझिण. देवळाच्या आवारात शोधायचं ते माडाचं आळं. रोज शिंपणं होतं, माती ओली असते, दांडा सहज जातो. मालकाला विचारून ठोका, वर बादलीभर पाणी ओता, मग अर्थ टेस्टर लावून बघा. कोळसा-मिठाचा खड्डा कायमच्या जागेला ठीक, एका रात्रीसाठी नाही. आणि तीस मिलिअँपचा ब्रेकर बसवल्याशिवाय गाणाऱ्याच्या हातात माइक देऊ नका.

मीठ

हंगाम संपल्यावर, मे महिन्यात, माइकच्या वायरीचा एखादा एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांचा, कनेक्टर उघडून बघा. बाहेरून चकचकीत. आत तिन्ही पिनांच्या मुळाशी हिरवट पूड, आणि डाखाच्या जागी तार काळी पडलेली. नखाने ओढली की तुटते. तांबं काळं पडलं की डाख धरतच नाही. मागे एक वीत तार कापून टाकायची, चकाकतं तांबं लागेपर्यंत. तिथे कंजूषपणा केलात तर पुढच्या जत्रेत तीच वायर कट होणार.

खाऱ्या हवेचं एक लक्षात ठेवा: मीठ कोरडं असताना वीज वाहून नेत नाही. हवेतला दमटपणा पाऊणशे टक्क्यांच्या पुढे गेला की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, आणि मग ते वाहक. म्हणून दुपारी टेस्टिंगला सगळं उत्तम आणि रात्री एक वाजता, दव पडायला लागलं, संकासुर रंगात आला, की माइकमध्ये खरखर. लोक वायर बदलतात, मिक्सर बदलतात. दोष मिठाच्या त्या पातळ थराचा असतो. माझ्या पिशवीत आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश आणि सिलिकॉन ग्रीस कायम असतं. घासायचं, वाळवायचं, किंचित ग्रीस, बंद. बोटीवर तार घ्यायची ती कथील चढवलेल्या तांब्याची. साधी घरगुती वायर बंदरात दोन पावसाळे काढत नाही.

आता हीच खरखर जहाजावरच्या खांबाच्या बुडाशी कल्पून बघा. तिथे पोर्सेलीनचा इन्सुलेटर, त्यावर हजारो व्होल्टची रेडिओ फ्रिक्वेन्सी, आणि वर मिठाचा थर. ओलं झालं की ठिणगी इन्सुलेटरवरून उडी मारते, ट्रान्समीटर ट्रिप होतो. उपाय एकच: गोड्या पाण्याने धुणं. आणि जहाजावर गोडं पाणी मोजून. स्वयंपाकी आणि इंजिनिअर यांचं का पटत नसेल, हे मला जहाजावर राहिल्यामुळे नीट कळतं.

हलणारी जमीन

यावर लोक भरपूर बोलतात. मी थोडक्यात उरकतो. लाटेवर रेकॉर्डची सुई उडते. ते लोक टोनआर्मवर नाणं ठेवायचे. रेकॉर्ड लवकर झिजायची, पण सुई बसून राहायची. जाहिराती आणि जिंगल्स कार्ट्रिजवर असायच्या: न संपणारी गोल टेप, सेकंदाला साडेसात इंच, आणि शेवटी एक ऐकू न येणारी खूण, तिच्यावर मशीन आपोआप थांबायचं. निवेदकाला फक्त बटण दाबायचं. आज तुम्ही मोबाईलवरून वाजवता, तेव्हा हा भाग सोडून द्या. मात्र स्टँड, रॅक, लॅपटॉप बांधायला शिका. बोटीवर ‘ठेवलेली’ वस्तू नसते. एकतर बांधलेली असते नाहीतर पडलेली. तांडेलाकडून गाठी शिकून घ्या. क्लोव्ह हिच आणि बोलाइन कुठल्याही साउंडच्या क्लासमध्ये शिकवत नाहीत.

आपलाच आवाज आपल्या माइकमध्ये

खरी कारागिरी इथे आहे. पन्नास किलोवॅटचा ट्रान्समीटर, त्याचा खांब डोक्यावर, आणि शंभरेक फुटांवर स्टुडिओ. जहाजावरची प्रत्येक तार अँटेना होते. रेलिंगला हात लावला तर चटका. माइकच्या वायरीतून रेडिओ फ्रिक्वेन्सी माइकचा बारीक आवाज वाढवणाऱ्या प्रीअॅम्पमध्ये शिरते, तिथला पहिला ट्रान्झिस्टर तिचं पुन्हा आवाजात रूपांतर करतो, आणि तुमचंच प्रक्षेपण वाकडं होऊन तुमच्या मिक्सरमध्ये येतं. मग ते पुन्हा प्रक्षेपित होतं. गोल गोल.

पन्नास किलोवॅट तुमच्या वाट्याला येणार नाहीत. पण नारळी पौर्णिमेला सजवलेल्या बोटीवर स्पीकर लावा, आणि तांडेलाने व्हीएचएफवर पंचवीस वॅटला सोळा नंबरच्या चॅनेलवर बोलायला बटण दाबलं की ऐका. स्पीकरमध्ये ‘गुर्र’. तोच रोग, लहान प्रमाणात. त्यावर इलाजही तेच:

बॅलन्स्ड वायर, म्हणजे आवाजाच्या दोन तारा आणि भोवती जाळी असलेली, वापरा, शेवटपर्यंत. मध्ये एक जरी गिटारचा जॅक आला की सगळं वाया. एक्सएलआरची पहिली पिन उपकरणाच्या धातूच्या डब्याला लागलीच, तिथेच, जोडलेली हवी. आतल्या सर्किटमधून फिरून नको. माइकच्या इनपुटला डब्यालगत शंभर पिकोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर, दोन्ही पिनांपासून डब्याला. वायरीवर फेराइटचे, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सी अडवणारे, क्लिप. एक वेढा पुरत नाही, वायर तीन-चारदा फिरवून घ्या. फार हट्टी असेल तर ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. वायर लांब असेल तर तिची गुंडाळी करून ठेवू नका, सरळ पसरा किंवा कापून आखूड करा.

आणि गोंगाट येतो कुठून हे शोधायला सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे जुना खिशातला मीडियम वेव्ह रेडिओ. कुठलंही केंद्र नसलेल्या जागी लावा आणि बोटीवर फिरा. एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरजवळ तो कर्कश ओरडतो. इन्व्हर्टरजवळ भुणभुणतो. एक एक वस्तू बंद करत जा. मला ज्या बोटींवर बोलावतात, तिथे बहुतेक वेळा दोषी स्वस्तातला मोबाईल चार्जर निघतो.

प्रक्षेपणाआधीचं प्रोसेसिंग थोडं. मीडियम वेव्हवर वाहक लाट खालच्या बाजूला शंभर टक्क्यांच्या पुढे दाबता येत नाही, तुटते आणि शेजारच्या केंद्रावर चिरका आवाज पसरतो. वरच्या बाजूला मात्र सव्वाशेपर्यंत जागा असते. माणसाचा आवाज मुळात एकांगी असतो, त्याची उंच बाजू वर वळवली तर त्याच वॅटमध्ये आवाज भरीव होतो. म्हणजे माइकच्या दोन तारांची अदलाबदल करून बघा. मग मोठ्या-बारीक आवाजातली तफावत कमी करणारा कॉम्प्रेसर, मग मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा लिमिटर. आता तुमच्यासमोर मच्छीमार इंजिनच्या आवाजात ऐकणारा आहे हे लक्षात घेऊन बास कापा. त्याला ढोल नको, शब्द हवे. जत्रेत हेच उलट: पखवाजाला जागा द्या आणि पेटीवरून माइक थोडा उचला. लटकवलेल्या माइकचं दशावताराचं तंत्र स्वतंत्र लिहीन केव्हातरी.

खांब आणि दोर

लाटेची लांबी मीटरमध्ये काढायला तीनशेला मेगाहर्ट्झने भागा. कॅरोलाइनचं सुरुवातीचं केंद्र १९९ मीटरवर, म्हणजे पाव लाट पन्नास मीटर. हे जहाजावर जमण्यासारखं आहे. पुढे १९८३ पासून कॅरोलाइन रॉस रिव्हेंज नावाच्या जहाजावर होतं. ते मुळात मासेमारीचा ट्रॉलर, १९६० सालचा, हे आमच्या बंदरात सांगितलं की लोकांचे कान टवकारतात. त्यावर तीनशे फूट उंच खांब उभारला, तब्बल नव्वद मीटर. तरी ५५८ किलोहर्ट्झची पाव लाट होते एकशे चौतीस मीटर. उरलेली कमी बुडाशी कॉइल घालून भरून काढायची. कॉइलमध्ये ताकद वाया जाते, गरम होते, आणि तिथेच मीठ बसतं.

ऑक्टोबर १९८७ च्या मोठ्या वादळानंतर नोव्हेंबरात तो खांब कोसळला. खांब एकटा उभा राहत नाही, तो दोरांवर उभा असतो. एक ताण सुटला की बाकीचे त्याला ओढतात. त्यावेळी इंजिनिअरांनी रडत न बसता छोटे खांब उभे करून त्यात आडवी तार ताणली आणि केंद्र पुन्हा चालू केलं. पीटर शिकागो या नावाने ओळखला जाणारा त्यांचा इंजिनिअर अशाच कामांसाठी प्रसिद्ध झाला. निवेदकांच्या मानाने इंजिनिअरांची नावं फारच कमी लोकांना ठाऊक असतात. त्याचं तेवढं झालं.

कॅरोलाइनचं याआधीचं जहाज ‘मी अमिगो’ १९८० च्या मार्चमध्ये वादळात बुडालं. चार माणसं आणि विल्सन नावाचा एक कॅनरी पक्षी लाइफबोटने वाचवले. जहाज खाली गेलं तरी खांब पाण्याबाहेर उभा होता, पुढची कित्येक वर्षं. खांब ज्याने बांधला त्याचे दोर मला बघायला आवडले असते.

तुम्ही कोकणात शिकणार ते जमिनीवरच्या दहा-वीस मीटरच्या पाइपावर. ‘गाय’ दोर, म्हणजे खांबाला ताणून धरणारे, तीन दिशांना, १२० अंशांत. चार दिशा दिल्यात तर एका दोराचा ताण दुसरा खातो. पत्र्याच्या शेडला किंवा माडाला हे दोर बांधू नका, माड डोलतो. दोराला ताण देणारा पेच, टर्नबकल, घट्ट करून तारेने लॉक करा. मे महिन्यात वळवाच्या आधी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात विजा असतात, त्या वेळी अँटेनाची वायर काढून थेट अर्थवर टाका. ‘आता लगेच थांबेल’ म्हणून वाट बघू नका.

आणि ट्रान्समीटर उघडण्याआधी: सप्लाय बंद, कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. मग अर्थला जोडलेल्या दांड्याने प्रत्येक मोठा कपॅसिटर ठोकायचा, दोनदा. एक हात पाठीमागे. दुसरा माणूस जवळ उभा हवा, फोनवर बोलत बसलेला नको.

कागद, शाळा, पगार

पहिली पायरी हॅम. बारा वर्षं पूर्ण असतील तर दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची हौशी रेडिओ ऑपरेटरची परीक्षा देता येते. सर्टिफिकेट आणि स्टेशनचा परवाना मिळाला की अँटेना, अर्थ, फेराइट, सगळं कायद्यात राहून स्वतःच्या अंगणात करता येतं. या लेखातलं निम्मं तुम्ही तिथेच शिकाल. आणि हॅमवर गाणी लावायची नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो.

रेडिओ केंद्रच चालवायचं असेल तर सामुदायिक रेडिओ. परवाना व्यक्तीला मिळत नाही. शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र, नोंदणीकृत ना-नफा संस्था यांना मिळतो, माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून. शंभर वॅट परिणामी शक्ती, तीस मीटरपर्यंत खांब, एफएमवर. ऐकू येईल ते पाच-दहा किलोमीटर, डोंगर आडवा आला तर तेवढंही नाही. तुमच्या गावाजवळच्या कॉलेजला पटवा. मच्छीमारांना वाऱ्याचा अंदाज, बाजारातला बांगड्याचा भाव आणि संध्याकाळी दशावताराचं रेकॉर्डिंग, इतकं दिलंत तरी केंद्र ऐकलं जाईल. एक जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते; बोटवाल्यांना शिकवायला आणि त्यांच्याकडून शिकायला तोच काळ बरा.

समुद्रावर पगार हवा असेल तर जहाजावरचा इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर. इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा किंवा डिग्री, मग डीजी शिपिंगची, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याची, मान्यता असलेल्या संस्थेतला ईटीओ कोर्स. जीएमडीएसएसचं सर्टिफिकेट वेगळं. रंगांधळेपणाची तपासणी कोर्सचे पैसे भरण्याआधी करून घ्या. एजंटाला एक रुपया देण्याआधी त्याचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा, नंबर डीजी शिपिंगच्या यादीत स्वतः बघा. आमच्या किनारपट्टीवर पोरांची फसवणूक सगळ्यात जास्त इथेच होते, आणि लाजेपायी कुणी सांगत नाही.

त्या जुन्या जहाजांवर काम बघायचं असेल तर रॉस रिव्हेंज अजून इंग्लंडात ब्लॅकवॉटर नदीत आहे. स्वयंसेवकांनी जपलंय. कॅरोलाइनला २०१७ मध्ये ६४८ किलोहर्ट्झवर रीतसर परवाना मिळाला. इंटरनेटवर ऐकू येतं.

शिकाऊ म्हणून माझ्यासारख्या कुणाच्या हाताखाली लागलात, तर पहिल्या हंगामात तुम्हाला मिक्सरला हात लावू देणार नाही. वायरी गुंडाळायच्या, एक सुलट एक उलट, कोपरावर कधीच नाही. जनरेटरजवळ वही लटकवलेली असेल. दर तासाला व्होल्टेज, हर्ट्झ, डिझेलची पातळी, आणि हवा दमट आहे की कोरडी, हे लिहायचं. खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही. पहाटे राक्षस मेला, पडदा पडला, लोक उठले, तरी शेवटची नोंद अॅम्प्लिफायर बंद केल्याची वेळ. त्यानंतर ब्रश आणि अल्कोहोलची बाटली काढायची आणि कनेक्टर पुसायला बसायचं, ऊन पडायच्या आत.